ता.क.मध्ये लिहिलेली गोष्ट

'ताई, मी ३१ वर्षांची. माहेर सांगलीकडचं, सध्या बंगळुरूत. झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भात मेंदू घडत असताना ॲक्सॉन, म्हणजे चेतापेशींचे लांब तंतू, मध्यरेषा कशी ओलांडतात, ते लाइट-शीट मायक्रोस्कोपवर रात्र-रात्र टिपायचं, हे माझं काम. पीएचडी झाली, त्यानंतरही दोन वर्षं त्याच लॅबमध्ये आहे. अकरा पेपरांवर नाव आहे, पण पहिलं एकदाच. बाकी चौथं-पाचवं, आणि आणखी दोन ठिकाणी नुसतेच आभार. लॅबमध्ये मला सगळे "मशीनवाली" म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. आता दोन बोलावणी आली आहेत. एक जर्मनीत, दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी. तिथे त्यांच्या प्रश्नासाठी त्यांचा नवा कोरा मायक्रोस्कोप चालवायचा. दुसरी पुण्यातल्या एका संस्थेत, इमेजिंग फॅसिलिटी सांभाळायची कायम नोकरी. तिथे एकच जुना कॉन्फोकल मायक्रोस्कोप आहे. सर म्हणतात, "फॅसिलिटीत गेलीस की सायन्स संपलं." आई म्हणते, "एवढं शिकून मशीनच पुसत बसायचं का?" बाबा गेल्यापासून ती एकटीच असते, तेही डोक्यात आहे. मी वैज्ञानिक आहे की ऑपरेटर? मला अहो-जाहो नको, तूच म्हणा.

ता.क. उगाच लिहितेय. लेझर जरा वाढवून घेतलेल्या मूव्हींमध्ये ॲक्सॉन मध्यरेषा उशिरा ओलांडतात असं मला चार-पाचदा दिसलं. सर म्हणाले, आर्टिफॅक्ट आहे, टिपण्याच्या पद्धतीमुळेच तसं दिसतं, त्या मूव्ही बाजूला टाक.'

बरं, तूच म्हणते.

तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा घाईत वाचलं आणि मनात ठरावीक उत्तर तयार झालं. दुसऱ्यांदा वाचताना ता.क.पाशी अडखळले. जर्मनीबद्दल तू दोन वाक्यं लिहिलीस, पुण्याबद्दलही तेवढीच. आणि 'उगाच' म्हणून जे शेवटी चिकटवलंस, त्यात मात्र काय दिसलं, किती वेळा दिसलं, कुठल्या मूव्हींत दिसलं, सगळं नेमकं आहे. म्हणून मी उत्तर शेवटाकडून सुरू करणार आहे. आधी ता.क., मग नोकरी.

'आर्टिफॅक्ट आहे' असं सर म्हणाले, ते बहुधा खरंच असेल. पण आर्टिफॅक्ट म्हणजे तरी काय? उजेडानं गर्भाला काहीतरी केलं. काय केलं, किती उजेडानं केलं, आणि कुठल्या पेशीला केलं? मायक्रोस्कोपवर आयुष्य काढणाऱ्या माणसाला याहून जवळचा प्रश्न मिळायचा नाही. निळ्या लेझरनं चमकवायची असते ती जीएफपी, म्हणजे पेशीत घातलेलं चमकणारं प्रथिन; पण पेशीत स्वतःचे उजेड शोषणारे रेणू असतातच. त्यातून ऑक्सिजनची त्रासदायक रूपं तयार होतात आणि पेशी मरायच्या कितीतरी आधी रेंगाळायला लागते. मेलेली पेशी आपण ओळखतो, फेकून देतो. रेंगाळलेली ओळखू येत नाही. तिची मूव्ही सुंदर दिसते आणि पेपरात जाते.

पण थांब, लगेच सरांकडे धावू नकोस. व्हायवाला विचारतात तसं विचारते. तुमची मायक्रोस्कोपची खोली रात्री किती थंड असते? लेझर तापू नयेत म्हणून एसी सोळा-अठरावर ठेवणाऱ्या खोल्या मी पाहिल्या आहेत. झेब्राफिशची वाढ मोजायची सगळी गणितं २८.५ अंशांवर बसवलेली आहेत. किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली त्या गर्भाच्या अवस्थांची जी बाराखडी करून दिली, त्यातच तापमानाचं सूत्र आहे. ते लावून बघ. गर्भ ठेवायच्या चेंबरमधलं पाणी २५ अंशांवर आलं, तर वाढ जवळजवळ वीस टक्क्यांनी मंदावते. म्हणजे रात्रभराच्या, बारा तासांच्या मूव्हीत दोन तासांहून जास्त उशीर नुसत्या गारठ्यानं होईल, आणि तू बिचाऱ्या लेझरला दोष देत बसशील. चेंबरच्या बाहेरच्या पडद्यावरचा आकडा धरू नकोस. थर्मामीटरची बारीक तार सॅम्पलच्या शेजारी, पाण्यात सोड.

दुसरा संशयित ॲगारोज, गर्भ बसवायची जेली. दीड टक्क्याचं घट्ट ॲगारोज असेल तर गर्भाला लांब व्हायलाच जागा उरत नाही, शेपूट मुडपते. बऱ्याच जणांनी त्यासाठी पातळ ॲगारोज भरलेली पारदर्शक प्लॅस्टिक नळी वापरायला सुरुवात केली, ते तुला माहीत असेलच. तिसरा संशयित म्हणजे गर्भ हलू नये म्हणून पाण्यात घातलेलं ट्रायकेन, गुंगीचं औषध.

या सगळ्यांतून उजेड वेगळा काढायची एक युक्ती तुझ्याच मांडणीत लपलेली आहे. तू टिपतेस डोकं. लेझर डोक्यावर पडतो, शेपटीवर पडत नाही. गारठा मात्र अख्ख्या गर्भाला लागतो. पहिल्या दिवसात गर्भाच्या धडावर सोमाइटच्या, म्हणजे पुढे स्नायू आणि मणके होणाऱ्या ठोकळ्यांच्या, वळ्या एकामागून एक उमटतात, २८.५ अंशांवर साधारण दर अर्ध्या तासाला एक. ते त्याचं घड्याळच. मूव्ही संपली की गर्भ बाहेर काढ, साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेव आणि वळ्या मोज. वळ्याही मागे पडल्या असतील, तर थंडी किंवा ॲगारोज. वळ्या वेळेवर आहेत आणि फक्त डोक्यातले ॲक्सॉन मागे आहेत, तर मग तुझ्या हातात काहीतरी आहे. त्यातही एक बारकावा. ॲक्सॉन सगळ्या वाटेवर हळू चालतोय की नेमका मध्यरेषेपाशी घुटमळतोय? ॲक्सॉनचं पुढे सरकणारं टोक, ग्रोथ कोन, तिथे तसाही थबकतो, पसरतो, चाचपतो. एकीकडून नेट्रिन नावाचं प्रथिन बोलावत असतं, दुसरीकडून स्लिट नावाचं प्रथिन हाकलत असतं. उजेडानं तो तिथेच जास्त वेळ अडकत असेल, तर ती गोष्ट 'मूव्ही बाजूला टाक' एवढ्यावर मिटणारी नाही.

त्या मूव्ही टाकल्या नाहीस ना? नसशील. तुझ्यासारख्या मुली टाकत नाहीत.

आता 'वैज्ञानिक की ऑपरेटर'.

तुझ्या शंकेला जुनी सोबत आहे. ग्रोथ कोन पहिल्यांदा पाहिला तो स्पेनच्या काहालनं, १८९० मध्ये, कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत. इटलीच्या गोल्जीची चेतापेशी काळ्या करणारी रंगवणी त्यानं घेतली आणि ती गर्भावर वापरली, कारण मोठ्या जनावराच्या मेंदूत इतकं रान माजलेलं असतं की एकेक झाड दिसत नाही, रोपवाटिकेत दिसतं. पद्धत गोल्जीची, पण ती कुठे लावायची ही अक्कल काहालची. रंगवलेल्या, मेलेल्या पेशीत त्यानं पुढे घुसणारं टोक ओळखलं. ते जिवंत, खरोखर सरकताना दिसलं १९०७ मध्ये, जेव्हा रॉस हॅरिसननं बेडकाच्या गर्भाचा तुकडा लिंफच्या लोंबत्या थेंबात जगवला. या दोघांना कुणी मायक्रोस्कोपवाले म्हणत नाही. होते मात्र तेच.

पण ही मोठी नावं सांगून तुझी समजूत घालायची नाही मला. मला जास्त जवळची वाटते ती केंब्रिजमधल्या एमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, प्रयोगशाळेतली मंडळी. १९८६ साली तिथून सी. एलिगन्स या मिलिमीटरभर कृमीच्या अख्ख्या चेतासंस्थेचा नकाशा छापून आला, ३०२ चेतापेशी. त्या पेपरावर चार नावं आहेत : व्हाइट, साउथगेट, थॉमसन, ब्रेनर. थॉमसन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे काप घेणारे. आयलीन साउथगेट तंत्रसाहाय्यक, त्या कापांच्या फोटोंवरून एकेक तंतू हातानं माग काढत नेणाऱ्या. त्यांचं नाव दुसरं आहे, ब्रेनरच्या आधी. असं करता येतं, तिथे केलं होतं, एवढंच तुझ्या लॅबमध्ये कुणी 'अशी पद्धत नसते' म्हणालं तर सांगायला ठेव.

आणि त्यातला जॉन व्हाइट. नकाशा झाल्यावर त्याला गर्भातल्या विभागणाऱ्या पेशींचे सांगाडे बघायचे होते. फ्लुरोसन्सखाली, म्हणजे चमकणारे रंग लावून, बघितलं की वरच्या-खालच्या थरांचा धूसर उजेड सगळं पुसून टाकायचा. वैतागून त्यानं आणि ब्रॅड ॲमॉसनं तिथल्या कार्यशाळेत लेझरनं स्कॅन करणारा कॉन्फोकल बांधला आणि १९८७ मध्ये त्यावरचा पेपर काढला. पुढे बायो-रॅडनं तो बाजारात आणला. पुण्यातला तो जुना कॉन्फोकल, ज्याच्याबद्दल तू जरा नाक मुरडूनच लिहिलंयस, त्याचा हा आजा. व्हाइट ऑपरेटर की वैज्ञानिक असा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण मशीन बांधायच्या आधी त्याला स्वतःला काहीतरी बघायचं होतं आणि दिसत नव्हतं. तुझ्याकडे हात आहे, डोळा आहे. इतकी वर्षं प्रश्न मात्र दुसऱ्याचे होते. ता.क.मधला पहिला तुझा.

पेपरावरच्या नावाचं जरा बोलू, कारण ते तुला बोचतंय आणि बोचायलाच हवं. मी २८ वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपाशी काढली. पातळ काप घ्यायच्या काचेच्या सुऱ्या स्वतः तोडून करायच्या, त्यावर डोळा लावून बसायचं. पाण्याच्या कुंडीत काप तरंगत येतात, त्यांचा रंग बघायचा. चंदेरी हवा. सोनेरी आला की जाड झाला, फेकून द्यायचा. एकदा कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूचे असे काप मी तीन महिने घेतले. त्यातला एक फोटो नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापून आला. आत माझं नाव नव्हतं, आभारांतसुद्धा. ज्यांचा पेपर होता त्यांना बऱ्याच वर्षांनी एका लग्नात विचारलं, तर ते म्हणाले, 'अहो, तुम्ही कधी बोलला नाहीत!' जिलबीचं ताट हातात होतं म्हणून गप्प बसले. पण खरं होतं ते. मी बोलले नव्हते.

तू बोल, आणि सॅम्पल स्टेजवर चढायच्या आधी बोल. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे जे लेखकत्वाचे नियम आहेत, ते आता बरीच विज्ञान नियतकालिकंही मानतात. त्यात चार अटी आहेत. डेटा मिळवणं हे पहिल्या अटीत स्पष्ट धरलेलं आहे. लोक तुला अडवतात ते दुसऱ्या अटीवर, लिखाणावर : 'तिनं लिहिलं काय?' म्हणून इमेजिंगचा मेथड्स विभाग आणि आकृत्यांखालचा मजकूर मी लिहीन, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकायचं. ते काम कुणालाच नको असतं, लगेच हो म्हणतील. आणि ज्यानं पहिली अट पुरी केली त्याला मसुद्यावर काम करायची संधी द्यावी, असंही त्याच नियमांत लिहिलंय. ते तोंडपाठ कर. भांडायला नको, नुसतं हसत हसत म्हणून दाखवायचं.

आता पुणे की जर्मनी.

सर खोटं बोलत नाहीत. फॅसिलिटीत सायन्स संपलेली माणसं त्यांनी पाहिली असतील, मीही पाहिलीत. दिवस असा जातो : सकाळी लेझर सुरू करून नीट जुळताहेत का बघायचं, दहाच्या युजरला तिसऱ्यांदा तेच शिकवायचं, अकराच्या युजरनं तेलाच्या ऑब्जेक्टिव्हवरून सरळ कोरड्यावर उडी मारलेली असते. ते तेल भिंगाच्या कडेनं आत शिरायच्या आत लेन्स-पेपरच्या घड्या करून, एका दिशेनं, न घासता टिपायचं. मग कंपनीला फोन, एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपलंय, अकाउंट्सला फोन, फाइल वर गेलीय. संध्याकाळी सहा वाजता आठवतं की आज आपण काही पाहिलंच नाही. अशी दहा वर्षं सहज जातात. आई 'मशीन पुसायचं' म्हणते ते शब्दशः खरं आहे, पुसायचंच असतं.

तरीही मी तुला पुण्याकडे ढकलणार आहे, आणि त्याचं कारण तुझी आई नाही.

कारण तो जुना कॉन्फोकल. लाइट-शीटमध्ये उजेडाची पातळ चादर फक्त जो थर टिपायचाय त्यालाच लागते, म्हणून तर २००४ नंतर गर्भ बघणारे सगळे तिच्यामागे धावले. कॉन्फोकलमध्ये एक काप घ्यायला वरची-खालची सगळी जाडी उजळते. शंभर काप घेतलेस तर प्रत्येक पेशी शंभरदा उजेड खाते. उजेडाचा जाच मोजायचा असेल तर जाच करणारं यंत्र हवं! तुला जर्मनीत मिळेल ते इतकं मऊ हाताचं असेल की तिथे तुझा परिणाम कदाचित दिसायचाही नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक लॅब अजून कॉन्फोकलवरच काम करतात. त्यांच्या प्रत्येक मूव्हीला हा प्रश्न लागू पडतो आणि फॅसिलिटीत ती सगळी माणसं आपल्या पायांनी तुझ्या दारात येणार आहेत. कुणी माशाचा गर्भ घेऊन, कुणी माशीचा, कुणी डिशमध्ये वाढवलेल्या चेतापेशी. एका लॅबच्या पोस्टडॉकला हे कधी मिळत नाही.

जर्मनीचं एक लक्षात घे. तिथे विद्यापीठांत पीएचडीनंतर मुदतीच्या करारांवर साधारण सहा वर्षंच राहता येतं, कायदाच आहे तसा. मूल असेल तर थोडी सूट, बाकी घड्याळ चालू. दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रश्नासाठी मशीन चालवून परत याच चौकात उभी राहशील, ३३ व्या वर्षी. स्वतःचा प्रश्न घेऊन गेलीस तर गोष्ट वेगळी. तशी आणखी वर्षभरानं जा ना, कुणी अडवलंय? विकासाच्या काळातल्या मेंदूवरचं काम इथे होत नाही असंही नाही. मुंबईत टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, शुभा टोळे यांनी उंदराच्या गर्भात मेंदूचे भाग कसे ठरतात यावर कुलाब्यात बसूनच काम उभं केलं.

पण पुण्याला सही करायच्या आधी माझ्यासाठी काही गोष्टी विचार, आणि उत्तर लेखी घे. आठवड्यातला एक दिवस मशीन तुझ्या नावानं बुक राहील का? अर्धा अर्धा दिवस दोनदा नको, मूव्ही रात्रभर चालते. त्या पदावरच्या माणसाला स्वतःच्या नावानं प्रकल्पाचा अर्ज करता येतो का? हे सगळ्यांत महत्त्वाचं. काही संस्थांत तांत्रिक पदावर असलेल्याला तो हक्क नसतो, आणि ते नेमणूकपत्रात बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. नसेल तर तिथे जाऊ नकोस. माझा वरचा सगळा उपदेश रद्द समज. माशांच्या टाक्या तिथे किंवा जवळपासच्या संस्थेत आहेत का, तेही बघ. मूळचा आपल्याच ओढ्यांतला, भातखाचरांतला मासा, पण लॅबला पाळायला फार नखरे. आणि मशीनला यूपीएस आहे ना? हसू नकोस. पावसाळ्यात रात्री तीन वाजता दिवे जातात तेव्हा हा प्रश्न आठवेल.

आईचं. तिच्यासाठी म्हणून पुण्याला येतेय, असं तिला सांगू नकोस, आणि स्वतःलाही सांगू नकोस. ती एकटी राहायला शिकलेली असते, आपल्यालाच कळत नसतं. उद्या काम मनासारखं झालं नाही की तो राग नकळत तिच्यावर निघेल, पोळी करपली म्हणून. शिवाय पुणे-सांगली काही शेजार नाही. तू तिच्याजवळ येत नाहीयेस, शनिवार-रविवारच्या अंतरावर येतेयस. 'मशीनच पुसायचं का' याला शब्दांनी उत्तर देऊ नकोस. दिवाळीला जाशील तेव्हा लॅपटॉपवर एक मूव्ही दाखव. तिला म्हण, हा मासा काल अंड्यात होता, आणि हा धागा बघ, आता कुठे जातोय. आणि तो मध्ये थबकतो तिथे थांबव.

मूव्ही दाखवायला मात्र कमी लेझरची घे.

सरांशी भांडू नकोस. ते अजून तुला शिफारसपत्र देणार आहेत, आणि त्या मूव्ही त्यांच्या लॅबच्या आहेत. जायच्या आधी एक रात्र मागून घे. एकाच दिवसाच्या अंड्यांमधली भावंडं चार डिशांत वाट. एक इनक्युबेटरमध्ये. एक मायक्रोस्कोपच्या खोलीत, नुसत्या पाण्यात. एक ॲगारोजमध्ये बसवून, ट्रायकेन घालून, चेंबरमध्ये, पण लेझर बंद. आणि एक नेहमीसारखी, लेझर चालू. प्रत्येक डिशवर नाव घालू नकोस, नुसते आकडे. वळ्या मोजताना कुठली कुठली ते तुला ठाऊक नसावं. दुसऱ्या कुणाला चिठ्ठ्या करायला सांग. इतक्या स्वस्त चार डिश बघून कुणी नाही म्हणायचं नाही.

थर्मामीटर आजच लाव. मोजून झालं की मला लिही, आणि सरासरी नको पाठवूस, चारही डिशांमधल्या एकेका गर्भाचा आकडा पाठव.